आशीर्वाद देणारा शार्क

हैदराबादपासून सगळ्यात जवळचा समुद्र रेल्वेने एका रात्रीवर आहे. तरीही विद्यानगरच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गेल्या गणपतीत शार्कने तीन माणसं खाल्ली, आणि तिन्ही वेळा प्रेक्षक पोट धरून हसले.

नाटक माझं होतं. ‘शिंपलेवाडीचा काळ’, तीन अंकी थरारनाट्य. शिंपलेवाडी हे कोकण किनाऱ्यावरचं, रिसॉर्टांनी गजबजलेलं गाव मीच वसवलेलं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे माणसं कशाला घाबरतात याचा आपला अभ्यास आहे असा माझा समज होता. त्या प्रयोगात समुद्र म्हणजे दोन्ही विंगांतून धरून हलवलेल्या निळ्या साड्या, आणि शार्क म्हणजे प्लायवूडचा एक त्रिकोण. पाठीवरचा पर तेवढा पाण्याबाहेर दिसतो, उरलेली भीती प्रेक्षकांनी कल्पनेने भरून काढायची, असा माझा कलात्मक विचार. पहिल्या अंकात तो पर उलटा पोहला. दुसऱ्या अंकात साडीत अडकला आणि समुद्र घेऊनच विंगेत गेला. तिसऱ्या अंकात तो आडवा पडला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी उठून तो नीट उभा करून दिला आणि पदर सावरत परत जाऊन बसल्या. मराठी प्रेक्षक रंगभूमीला हातभार लावत नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

यंदाच्या बैठकीत मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव सरळ म्हणाले, “उदयराव, नाटक पुरे. सातव्या दिवशी तंबोला ठेवू. लोकांना आकडे तरी कळतात.”

एकनाथरावांचं गौलीगुड्यात पंपसेटचं दुकान आहे. दिवसभर चालू मोटारीवर बोलायची सवय असल्यामुळे ते बंद खोलीतही चालू मोटारीवरच बोलतात. हॉलचे पंखे त्यांनी दिलेले आहेत, म्हणून दर नाटकातली प्रमुख भूमिका त्यांची. पंखे फिरायचे थांबले की भूमिका बदलेल असं आम्ही समजत होतो, पण त्यांनी पंखे फारच चांगल्या प्रतीचे दिले.

“मी दुसरा भाग लिहिलाय,” मी म्हणालो. “यंदा शार्क दिसणार. अख्खा.”

“दिसू द्या की. घाबरणार कोण? गेल्या वर्षी एक माणूस घाबरला का? एक?”

“मी घाबरलो होतो,” नागसेन म्हणाला. “समुद्र विंगेत आला तेव्हा.”

नागसेन माझा मित्र. नांदेडकडचा, रेल्वेत नोकरीला, आणि आमचा नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, शिवाय दोन्ही भागांतला शार्क मारणारा नायक. तो बोलतो कमी, पण बोलतो ते मिटिंगच्या इतिवृत्तात घेता येत नाही.

एकनाथरावांनी टेबलावर हात आपटला. “असं करू. यंदा एक किंकाळी निघाली, एकच, पण खरी, भीतीने निघालेली, तर मी अध्यक्ष असेपर्यंत नाटक दरवर्षी. नाही निघाली, तर पुढल्या वर्षीपासून तंबोला. बोला.”

“मंजूर,” मी म्हणालो.

“मी साक्षीदार,” त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या. “आणि दोघंबी नंतर शब्द फिरवू नका, नाहीतर मीच किंचाळीन. ती धरायची नाही.”

तर हे असं होतं. बाकीच्या नाटककारांना पारितोषिकं हवी असतात, परदेश दौरे हवे असतात. मला एक किंकाळी हवी होती.

पहिली अडचण, शार्क पहिल्या भागात मेलेला. यावर आमच्या बिल्डिंगमध्ये जितकी मतं मिळाली तितकी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही मिळत नाहीत. वरच्या मजल्यावरच्यांनी जुळा भाऊ सुचवला. माझी बायको माधवी म्हणाली, “मेला नव्हता, कोमात होता म्हणा. मालिकेत चालतं.” कुसुमताईंना शार्कची विधवा हवी होती, म्हणजे एक चांगला स्त्री-रोल तयार झाला असता. शेवटी नागसेन म्हणाला, “पहिल्या भागात त्याला बघितलंय कुणी? मग हा तोच की दुसरा, हे ओळखणार कोण?” इतकं निर्दोष तर्कशास्त्र मी कॉलेजच्या स्टाफरूममध्येही ऐकलेलं नाही.

दुसरी अडचण, शार्क बनवणार कोण. नागसेनची मुलगी स्वप्ना, आमची नायिका, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचे संवाद तिला इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावे लागतात, पण म्हणते झकास. ती म्हणाली, “अंकल, स्क्रीनवर दाखवू ना. सिंपल आहे.” मी नकार दिला. भीतीला वजन लागतं, असं एक वाक्यही मी त्या वेळी बोललो. नागसेनने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वजन स्टेजला सोसलं पाहिजे. धूलपेठला जाऊ. तिथे वीस फुटांचे गणपती करतात, शार्क म्हणजे काय.”

धूलपेठेत श्रावणात पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना रंग न दिलेले, पांढरे, डोळे नसलेले गणपती, आणि मधून आपण. शिवराजसिंग नावाच्या मूर्तिकाराने मी काढून नेलेलं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

“ये क्या है साहब?”

“शार्क. मछली. बहुत खतरनाक.”

“मछली बना देंगे,” तो म्हणाला. “खतरनाक का देखते हैं।”

मी त्याला बारीकसारीक सगळं समजावलं. आतून बांबू आणि गवत, पोटात थर्माकोल म्हणजे हलका होईल, वरून माती, खाली चाकं. जबड्यात बांबूच्या टोकदार कामट्यांचे दात, दोन रांगा. त्याने मान डोलावली. कलावंताने मान डोलावली की आपण निश्चिंत होतो. कलावंताचं मान डोलावणं हा ताल असतो, होकार नव्हे, हे मला माहीत असायला हवं होतं. मी स्वतः कलावंत आहे.

डिलिव्हरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मिळाली, कारण त्याआधी त्याला गणपतींतून सवड नव्हती. वर टाकलेलं प्लास्टिक दूर झालं आणि मी शार्क पाहिला.

नऊ फूट लांब, उंचीला छातीपर्यंत, अंगाला सुरेख निळा रंग. डोळे कमळाच्या पाकळीसारखे, काजळ घातलेले. ओठ गुलाबी. चेहऱ्यावर असं प्रसन्न हसू, की त्याने पर्यटक खाल्ले असतील यावर कुठल्याही कोर्टाने विश्वास ठेवला नसता. आणि उजवा पर वर उचललेला, पंजा समोर. आशीर्वादाचा.

“दात?” मी कसाबसा म्हणालो.

“हैं ना, अंदर हैं,” शिवराजसिंग म्हणाला. “दोनों लाइन लगाए हैं। लेकिन शुभ नहीं दिखते थे, तो ऊपर से होंठ चढ़ा दिए।”

“और ये हाथ?”

“साहब, तीन पीढ़ी से भगवान बना रहे हैं। हाथ अपने आप उठ जाता है।”

नागसेन शार्कभोवती एक फेरी मारून आला. “चेहरा तुमच्यासारखा आलाय,” तो म्हणाला.

बदलायला वेळ नव्हता. मी मनाशी ठरवलं की लाल प्रकाश टाकला म्हणजे हसूसुद्धा भेसूर दिसतं. पण तोपर्यंत हे थोबाड कुणाच्या नजरेला पडता कामा नये. रहस्य फुटलं की किंकाळी गेली. म्हणून मी माधवीने दिलेली जुनी केशरी चादर काढली आणि शार्कचं तोंड झाकून दोरीने बांधलं.

“उदयराव, तोंड झाकू नका,” नागसेन म्हणाला.

“का?”

“चतुर्थीच्या आदल्या दिवशी, धूलपेठेतून, केशरी कपड्याने तोंड झाकून, उघड्या गाडीवर. बघा बाबा. माझा तो प्रांत नाही.”

मी त्याचं ऐकलं नाही. थरारनाट्यात रहस्याचं महत्त्व काय, यावर मी त्याला गाडीत चढेपर्यंत व्याख्यान दिलं.

अफजलगंजपर्यंत कुणी काही म्हटलं नाही, कारण आमच्या पुढे तीन आणि मागे चार असेच झाकलेले चेहरे होते. गौलीगुड्याच्या वळणावर गाडी अडली. बाजूच्या दुकानातून एक माणूस धावत आला, चपला काढल्या, चाकाला हात लावून डोळ्यांना लावला आणि नारळ फोडला. मग दुसरा आला. कुठल्याशा मंडळाचा गणपती पोचवून रिकामं परतणारं, तीनमारचा ठेका वाजवणारं ढोलपथक होतं, त्यांचे हात शिवशिवत असावेत. त्यांनी आमच्यापुढे वाजवायला सुरुवात केली आणि पंधरावीस पोरं नाचायला लागली.

मी खिडकीतून ड्रायव्हर खाजाभाईंना म्हणालो, “इन लोगां को बोलो ना, गणपती नहीं है।”

“मैं काइकू बोलूँ साब?” खाजाभाई शांतपणे म्हणाले. “मुँह ढाँक को लेको जारें, तो गणपतीच है ना। मैं बारा साल से येच काम कररूँ। अब तक कोई मछली नई निकली।”

चौकात पोलीस होते. आपल्याकडे हल्ली प्रत्येक मूर्तीची परवानगी घ्यावी लागते, उंची किती, बसवणार कुठे, विसर्जन कुठे आणि कधी. जमादाराने चादरीकडे काठी दाखवत तेलुगूत विचारलं, हे काय आहे.

“एंदि सार इदि? परमिशन नंबर?”

मी खाली उतरून दबक्या आवाजात सांगितलं की ही मूर्ती नाही, नाटकाचं सामान आहे, शार्क आहे.

त्याने चादर जरा वर करून आत पाहिलं. काजळ घातलेला डोळा त्याच्याकडे प्रेमाने पाहत होता. जमादाराने टोपी काढली, कपाळाला हात लावला, टोपी परत घातली आणि कडक झाला.

“शार्क का परमिशन है?”

“शार्क का... ऐसा परमिशन होता है?”

“नहीं होता। गणेश का होता है।” त्याने मोबाइल काढला. “गणेश लिखूँ, कि गाडी साइड में लगाऊँ?”

मागे हॉर्न वाजत होते. ढोल वाजत होते. मी, पदव्युत्तर पदवीधर, बुद्धिवादी, दोन भागांचा नाटककार, म्हणालो, “लिखो।”

अशा रीतीने माझा खलनायक सरकारदरबारी ‘गणेश (स्पेशल)’ म्हणून रुजू झाला. विसर्जनाचा दिवस नववा, स्थळ जवळचं महापालिकेचं तळं. शार्कखालच्या चाकांच्या फळीला स्टिकर चिकटवला. “निमज्जन कंपल्सरी,” जमादार म्हणाला, म्हणजे विसर्जन करावंच लागेल. “मैं खुद चेक करूँगा।”

हॉलच्या दारात कुसुमताई उभ्या होत्या. ढोल ऐकून त्या घाईने ताम्हण घेऊनच आल्या होत्या. मी ओरडलो, “कुसुमताई, थांबा, तो आपला नाही, तो नाटकातला आहे!” तोवर त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, चाकांवर पाणी घातलं होतं आणि पायांची जागा शोधत होत्या. पाय नाहीत म्हटल्यावर शेपटीला कुंकू लावलं. मग चादर सोडली.

कुसुमताईंनी हात जोडले. “मत्स्यावतार!”

“अहो, कसला अवतार! याने गेल्या वर्षी तीन माणसं खाल्लीयत!”

“खाल्ली असतील. त्यांचं कर्म. भरतीच्या वेळी पाण्यात उतरायचं काय काम होतं?”

“ते मीच लिहिलं होतं, कुसुमताई.”

“मग तुमचं कर्म,” त्या म्हणाल्या. “आता एकदा ओवाळलं म्हणजे हा घरचा झाला. उंबऱ्यातून परत पाठवत नसतात.”

पुढचे सहा दिवस माझ्या आयुष्यात अपमानाची फार मोठी विविधता होती. मूळ गणपती स्टेजवर, आणि शार्क बाजूच्या खोलीत, जिथे त्याला रहस्य म्हणून लपवून ठेवायचं ठरलं होतं. त्या खोलीबाहेर दुसऱ्या दिवसापासून चपलांची रास लागली. नैवेद्य काय दाखवायचा यावर वाद झाला. मासे खातो म्हणून मासे, की अवतार म्हणून पुरण? पुरण जिंकलं. बारकी पोरं त्याच्या उचललेल्या पराला टाळी देऊन शाळेत जायला लागली. जमादार रोज हजेरी घ्यायला यायचा, मूर्तीजवळ स्वयंसेवक आहे की नाही पाहायचा, आणि स्वयंसेवक म्हणून माझं नाव विचारून प्रसाद घेऊन जायचा. माझं तर जमादाराशी बोलणंही सुटलं, कारण मी तक्रार केली असती तर पुरावा म्हणून शार्क मलाच आशीर्वाद देत होता.

आणि नाटकात आणखी एक भलतंच होऊन बसलं. शार्कने खाल्ल्या जाण्याच्या भूमिका दरवर्षी कुणालाच नको असतात. दोन मिनिटांचं काम, आणि वर साडीखाली रांगत जायचं. यंदा खाल्ले जायला रांग लागली. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, “आमच्या वडिलांना घ्या, त्यांचं वय झालंय, त्यांना बरं वाटेल.” रिसॉर्टचे मालक झालेले एकनाथराव तिसऱ्या अंकापर्यंत जिवंत होते. ते म्हणाले, “माझा मृत्यू दुसऱ्या अंकात आणता येतो का बघा. सगळ्यात आधी मला मान असावा.”

“मारायचं कसं मग याला?” मी नागसेनला विचारलं.

“भाला तयार आहे,” तो म्हणाला. “पडद्याचा रॉड आहे, टोकाला चांदीचा कागद लावलाय. मी तर या सगळ्यात नाही, माझा हात थरथरणार नाही. पण हॉलमध्ये दोनशे बायका असणार, उदयराव. त्यांचे हात थरथरणार नाहीत त्याचं बघा.”

सातव्या दिवशी हॉल खच्चून भरला. इतकी गर्दी माझ्या कुठल्याच नाटकाला झालेली नव्हती. माझं मन उगीचच उभारी धरून राहिलं. पहिले दोन अंक चांगले गेले, म्हणजे कुणी हसलं नाही. स्वप्ना वाळूवर उभी राहून समुद्राकडे बघत म्हणाली, “तो गेला नाहीये. तो आपली वाट बघतोय,” तेव्हा मागच्या रांगेत चक्क कुणीतरी श्वास रोखला. मी विंगेत मुठी आवळल्या. फक्त एक किंकाळी. मग दिवे गेले, लाल प्रकाश आला, ढग्‌ ढग्‌ असा आवाज, आणि नागसेनने विंगेतून ढकललेला शार्क सावकाश, चाकांवरून, निळ्या साड्या फाडत पुढे आला.

लाल प्रकाशात तो फार सुंदर दिसला. मला सांगायला लाज वाटते, पण मलाही वाटलं.

सगळा हॉल उभा राहिला. चपला काढल्याचा आवाज मी पहिल्यांदाच सामूहिक ऐकला. कुणीतरी “मोरया” म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. एकनाथराव स्टेजवर होते. त्यांनी “वाचवा, वाचवा” असं ओरडत मागे पडायचं होतं. ते पुढे झाले, वाकून नमस्कार केला, मग काहीतरी आठवून शांतपणे म्हणाले, “वाचवा,” आणि शार्कच्या बाजूला हात जोडून उभे राहिले.

नागसेन भाला घेऊन आला. पहिल्या रांगेतून आवाज आला, “नागसेनभाऊ, खबरदार!”

नागसेन थांबला. त्याने प्रेक्षकांकडे पाहिलं, शार्ककडे पाहिलं, विंगेतल्या माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं, मार. त्याने भाला जमिनीवर टेकवून, त्याला रेलून, स्वतःच्या मनाने एक संवाद म्हटला. “माझं याच्याशी काही वैर नाही. ज्याने लिहिलंय त्याला विचारा.”

मग स्वप्नाने वेळ निभावली. ती पुढे आली आणि म्हणाली, “त्याला मारू नका. त्याला पाण्यात परत जाऊ द्या.” टाळ्या थांबेनात. पडदा पडला, तो वर घ्यावा लागला, कारण लोकांना आरती करायची होती.

किंकाळी एकही नाही.

एकनाथराव मेकअप न पुसता माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा विजयी नव्हता, हे अधिक वाईट. “उदयराव, नाटक फार चांगलं झालं हो. डोळ्यांत पाणी आलं,” ते म्हणाले. “पण ठरलं ते ठरलं. तंबोला.” आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. सांत्वन चालू मोटारीवर करू नये. सगळ्या हॉलला कळलं.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही तळ्यावर गेलो. मी जाणार नव्हतो, पण कागदोपत्री स्वयंसेवक मी होतो. नागसेन आला. “मला विसर्जनाचं काही नाही, पण वजन उचलायला माणूस लागतो,” म्हणाला. खाजाभाईंची गाडी होती. तळं म्हणजे महापालिकेने खोदलेला सिमेंटचा मोठा हौद, गळ्याएवढं पाणी, एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला मोठ्या मूर्तींसाठी क्रेन.

शार्क पाण्यात सोडला. कुसुमताईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. जोरात “पुढच्या वर्षी लवकर या” झालं. मला तेवढं वाक्य लागलं. पुढच्या वर्षी कुठे येणार तो, तंबोल्याला?

शार्क तिरपा होऊन बुडबुडे सोडत पाण्याखाली गेला. काठावर सगळे इकडेतिकडे झाले, पोरं भेळ मागायला लागली, माधवी फोटो काढायला लागली. विसर्जनानंतर तळातली मूठभर वाळू पाटावरून घरी आणायची असते. मंडळाच्या वतीने हा मान अध्यक्षांचा. एकनाथराव पँट गुडघ्यापर्यंत वळवून, पाट काखोटीला मारून पायऱ्या उतरले आणि तळ्याकडे पाठ करून, पाण्याखालच्या पहिल्या पायरीवरची वाळू चाचपत वाकले.

पुढचं मी पायरीवरून पाहत होतो. नाटककाराला असा कोन आयुष्यात एकदाच मिळतो.

पाण्याखाली शार्कची माती सुटत होती. निळा रंग पसरला, मग काजळ, मग गुलाबी. आणि माती गेल्यावर उरलं ते गवत, बांबू, आणि पोटातला तो थर्माकोल. थर्माकोल बुडत नसतो, हे तळ्याकाठी जमलेल्या सगळ्या सुशिक्षित लोकांना माहीत होतं, पण कुणाच्या लक्षात नव्हतं. एकनाथरावांच्या मागे, वीसएक हातांवर, पाण्यातून एक काळपट त्रिकोण वर आला. उभा. सरळ. गेल्या वर्षीचा प्लायवूडचा पर जसा कधीच राहिला नव्हता, तसा.

नेमकं त्याच वेळी पलीकडच्या क्रेनने कुणाचा तरी मोठा गणपती पाण्यात टेकवला. लाट उठली. त्रिकोण हलला, वळला, आणि पायऱ्यांच्या दिशेने निघाला. अगदी सुलट.

“ओ एकनाथराव,” मी म्हणालो. पण हळू म्हणालो. हे मी मान्य करतो.

शार्कने आधी त्यांच्या पाठीला हलकेच स्पर्श केला. त्यांनी वळून पाहिलं. शार्कचे डोळे वाहून गेले होते, तिथे दोन काळी भोकं होती. ओठ वाहून गेले होते. हसू गेलं होतं. उघड्या जबड्यात बांबूच्या कामट्या, टोकदार, दोन रांगा, आणि मधून पाणी गळत होतं.

एकनाथराव किंचाळले.

मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, क्रेन थांबली. पलीकडच्या मंडळाचा बँड थांबला. पाट हवेत उडाला. तळ्यात उतरलेली सगळी माणसं बाहेर आली, ज्यांचे गणपती अजून हातात होते तीही गणपतींसकट. एक महापालिकेचा कर्मचारी कठड्यावर चढून बसला. एकनाथराव पायऱ्या न मोजता वर आले आणि थेट नागसेनच्या मागे लपले. “नागसेन, भाला!” ते ओरडत होते. “अरे भाला कुठंय!”

“मंडळात आहे,” नागसेन म्हणाला. “त्या दिवशी तुम्ही लोकांनीच मारू दिला नाही.”

हळूहळू सगळ्यांना श्वास आला. एकनाथरावांनी धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखं काहीतरी केलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मी मोरया म्हणालो.”

कुसुमताई त्यांच्याजवळ आल्या. पदराने त्यांच्या तोंडावरचं पाणी पुसलं. “हौ, म्हणालात ना. आधी ‘अगं आई गं’ म्हणालात, मग ‘मेलो मेलो’ म्हणालात, मग माझं नाव घेतलात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत.” आणि मग साक्षीदाराच्या आवाजात, “किंकाळी धरली.”

“पण हॉलमध्ये निघायला पाहिजे होती!”

“हॉलमध्ये असं काही ठरलं नव्हतं,” नागसेन म्हणाला. “एकच, खरी, भीतीने निघालेली. तुमचेच शब्द.”

एकनाथरावांनी तळ्याकडे पाहिलं. पंपाचा धंदा करणारा माणूस, पाण्याशी इतकी वर्षं संबंध, आणि पाण्याने हे करावं. मग ते खालच्या आवाजात बोलले. इतक्या खालच्या आवाजात ते बोलू शकतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “उदयराव, पहिल्या भागात हाच होता का हो?”

“हाच,” मी म्हणालो.

“मग आम्ही हसलो कसे?”

तेवढ्यात आमचा जमादार मोबाइल हातात घेऊन कठड्याशी आला. त्याला आमच्या नावापुढे खूण करायची होती.

“गणेश स्पेशल. निमज्जन हुआ?”

मी तळ्याकडे बोट केलं. क्रेनने पुन्हा काहीतरी पाण्यात सोडलं असावं. काळा त्रिकोण सावकाश गोल फिरला आणि आमच्या बाजूला वळला.

जमादाराने पाहिलं. टोपी काढली नाही. कपाळाला हात लावला नाही. दोन पावलं मागे सरकला.